बिडाची शेगडी नापास

विलासरावांनी तुर्भ्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इतरांच्या कामात खोट काढली, आणि त्याचाच पगार घेतला. ओतलेला नग समोर आला की ते तो उजेडात फिरवत, नखाने चाचपत आणि टाचणीच्या डोक्याएवढं छिद्र दिसलं तरी खडूने लाल फुली मारत. स्वतः त्यांनी कधी काही घडवलं नव्हतं. घरात त्यांनी ठोकलेला एकमेव खिळा त्यांच्या पत्नीने, नमिताबाईंनी, सुताराला बोलावून सरळ करून घेतला होता.

अशा माणसाने निवृत्तीनंतर ऐरोलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सासूबाईंची गंजलेली बिडाची शेगडी दुरुस्तीला घेतली. नमिताबाईंचे थोरले भाऊ आप्पा अठरा जानेवारीला, रविवारी, जेवायला येणार होते आणि मग कायमचे मुलीकडे बंगळुरूला जाणार होते. त्याआधी आईच्या शेगडीवरचं भरीत त्यांना एकदा खाऊ घालावं, एवढंच नमिताबाईंच्या मनात होतं.

"दोन महिने हातात आहेत. आरशासारखी करून देतो," विलासराव म्हणाले.

कृती त्यांनी करावे गावच्या नामदेवला विचारली. नामदेव त्याच कारखान्यात ओतारी होता आणि विलासरावांच्या सर्वांत जास्त फुल्या त्याच्याच वाट्याला आल्या होत्या. तरी बिचाऱ्याने नीट सांगितलं. "गंज घासून काढा, रॉकेलनं पुसा, सुकू द्या. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात, आन् आत निखारे घालून तासभर तापवा. असे तीन हात. काळी कुळकुळीत व्हते. मग जेवन रांधा."

तीन हात डिसेंबर लागण्याआधीच झाले. शेगडी खरोखर देखणी झाली. विलासरावांनी भिंग काढलं. मागच्या पायाजवळ त्यांना एक ठिपका सापडला, आणि त्यांनी सगळी शेगडी पुन्हा कोऱ्या लोखंडापर्यंत घासून काढली. ख्रिसमसपर्यंत ती आणखी दोनदा नापास झाली.

"साहेब, बीड हाय ते, काच नाय," नामदेव बघायला आला तेव्हा म्हणाला. "माझे नग टाकलेत ते टाकलेत. सोताचा तरी पास करा."

"क्वालिटीला घरचं-बाहेरचं नसतं."

"मला बघायला आलात तेव्हा हे भिंग घरी विसरला होतात वाटतं," आतून नमिताबाई म्हणाल्या.

"तेव्हा उजेड कमी होता," विलासराव म्हणाले.

रविवारी सकाळी शेवटचा हात झाला. निखारे घालून तास उलटला होता. आप्पा आले, नामदेवही जेवायला आला. विलासरावांनी भिंगातून पाहिलं, मान हलवली आणि आणखी बारीक पॉलिश पेपर आणायला ते तुर्भ्याला निघाले.

"मी येईपर्यंत हिला हात लावू नका."

नमिताबाईंनी हात लावला नाही. निखाऱ्यांवर चार वांगी ठेवली.

विलासराव परतले तेव्हा वांग्यांचं पाणी कडेने ओघळून वाळलं होतं आणि आप्पा बोटं चाटत होते. "तुमची वाट बघितली असती, विलासराव," ते म्हणाले, "पण मला अठ्ठ्याऐंशी संपताहेत."

विलासराव ओघळाजवळ वाकले आणि पिशवीतून पेपर काढू लागले.

"ते राहू द्या," नमिताबाई म्हणाल्या. "शेगडी आप्पाबरोबर चाललीय. निवली की त्याच्या गाडीत ठेवा."

"अशी? अगं, ती अजून पास झालेली नाही."

"कंपनीत तरी काय येगळं व्हतं, साहेब?" नामदेवने भाकरी मोडली. "तुमी घरी गेलात का मॅनेजर फुल्या पुसून सगळा माल गाडीत चढवायचा."

विलासराव पेपर हातात धरून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"मी लागलो तवापासून," नामदेव म्हणाला, आणि त्याने ताट नमिताबाईंपुढे सरकवून आणखी भरीत मागितलं.