प्रवराकाठचा काळा थर

माघातल्या दुपारी प्रवरेकाठच्या घळींमध्ये तापलेल्या मातीला एक कोरडा, किंचित चुन्यासारखा वास येतो. संगमनेरच्या खाली, पावसाने शतकानुशतके कोरलेल्या त्या घळींत मी एकोणीस वर्षं हिंडले आहे. नगरच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवायचं आणि सुटी मिळाली की त्या पिवळसर दरडींसमोर उभं राहून गाळाचे थर वाचायचे, हाच माझा संसार. त्या थरांत चुनखडीच्या खड्यांची एक जाड पट्टी आहे. असे खडे रुक्ष हवामानातल्या मातीत धरतात. त्यावरून मी मांडलं होतं की हजारो वर्षांपूर्वी या खोऱ्यावर एक प्रदीर्घ, अखंड अवर्षण पसरलं होतं. त्या एका निबंधाने मला नाव मिळालं, आणि हळूहळू असं झालं की कुठेही गेले तरी लोक मला तेवढंच विचारत आणि मीही तेवढंच सांगत असे.

गेल्या वर्षी मी तिथे एकटीच गेले होते. दरडीच्या पायथ्याशी नमुना खरवडत असताना वरून एक बोथट, जड आवाज आला आणि पाहता पाहता मी कोसळलेल्या मातीत कमरेपर्यंत गाडले गेले. डावा पाय ठणकत होता, उजवा जाणवतच नव्हता. मोबाईल पिशवीत होता आणि पिशवी ढिगाऱ्याखाली. हाका मारून घसा बसला, तेव्हा मी गप्प झाले.

दरड नव्याने सोलवटून माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. माझ्या त्या प्रसिद्ध पट्टीच्या मधोमध बोटभर जाडीचा काळसर चिकणमातीचा थर होता आणि त्यात तिळाएवढे पांढरे शंख. साचलेल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे, अभंग, जिथे त्या मेल्या तिथेच पडलेले. म्हणजे माझ्या अखंड अवर्षणात इथे पाणी होतं. अधिक वाईट हे, की मला ते अगदीच नवीन नव्हतं. फार वर्षांपूर्वी याच पट्टीत मला दोन शंख सापडले होते. ‘वरून वाहून आलेले’ असं वहीत लिहून मी पान उलटलं होतं. आता पान उलटायची सोय नव्हती. ऊन दरडीवरून सरकत गेलं, आणि मी दोन तास त्या थराकडे पाहत राहिले.

शेजारच्या डाळिंबाच्या बागेतल्या मंदाबाई मोटार बंद करायला आल्या, त्यांनी मला पाहिलं. “मॅडम, हलू नका. वरची माती लई सैल हाय,” म्हणत त्या खाली उतरल्या. पायाला लागेल म्हणून त्यांनी खोरं बाजूला टाकलं आणि हातांनी माती उपसू लागल्या. “दुपारपास्नं हितंच हुता? काय करत हुता येवढा येळ?”

“बघत होते,” मी म्हटलं, आणि त्यांना त्या काळ्या थराचं एक ढेकूळ काढून घ्यायला सांगितलं. माझ्याकडे जरा नवलाने पाहत त्यांनी ते पदरात बांधलं.

मग नगरला, सावेडीच्या घरात, प्लास्टरमध्ये, दीड महिना. ढेकूळ पलंगाखाली डब्यात होतं. पुढच्या पावसात ती दरड पुन्हा ढासळणार, थर वाहून जाणार, कुणाला कळणारही नाही. हा विचार मी रोज करत होते, आणि त्यात मला बरं वाटत होतं, याचीच लाज वाटत होती. माझी विद्यार्थिनी रिझवाना हिचा चार वर्षांचा प्रबंध त्याच अवर्षणावर उभा होता.

शेवटी मीच तिला बोलावलं. ढेकूळ दाखवलं, जुनी वहीही दिली. ते पान तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, “माझी दोन प्रकरणं गेली, मॅडम.” मी माफी मागितली. ‘असू द्या’ असं ती म्हणाली नाही, आणि ते मला योग्यच वाटलं. त्याच दुपारी आम्ही माझा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं. खिडकीबाहेर कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली होती.

जाताना ती दारात थांबली. “पण तिथे पाणी किती काळ राहिलं असेल?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. आणि हे शब्द मी याआधी केव्हा उच्चारले होते, ते मला काही केल्या आठवेना.