मालनची हळद

शेवंती कोपर गावात थोरली सून म्हणून आली, तेव्हा तिच्या टायपिंगचं आणि तांदळाच्या भाकरीचं सारखंच कौतुक झालं. खोपट नाक्याजवळ एका वकिलाकडे ती नोकरीला होती. घरी कॉम्प्युटर आला तो दिराच्या, गणूच्या हट्टाने. फोनची वायर त्यात खुपसली की फोन मुका आणि इंटरनेट सुरू. नव्व्याण्णव साल होतं, आळीत हे कुणाकडेच नव्हतं.

त्याच सुमारास तिच्या कमरेवर पांढरा डाग उठला. ती कुणाला बोलली नाही. एका दुपारी घर झोपलेलं असताना तिने इंटरनेटवर शोधलं. कोड स्पर्शाने पसरत नाही, असं वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. कॉम्प्युटर बंद केला की वाचलेलं पुसलं जातं, असं तिला वाटायचं.

गणू मात्र रोज संध्याकाळी कॉम्प्युटरमधून आधी उघडलेल्या पानांची नावं काढायचा. शेवंतीचा नवरा कुंडलिक शेजारी खुर्ची ओढून बसायचा. आज बायकांनी काय काय बघितलं? दोघं हसायचे. चहा शेवंतीच नेऊन द्यायची.

मालनच्या, म्हणजे नणंदेच्या हळदीत तिला हे कळलं. पहिली हळद थोरल्या सुनेने लावायची, ही घरची रीत. शेवंतीने वाटीत बोटं बुडवली, तोच सासूने, केशरबाईंनी, वाटी ओढली.

"तू नको लावू गो. पोरीच्या अंगावर कोड उठंल."

ढोल थांबले.

"कोणी सांगितलं, आई?"

"गणूने. त्याच्या त्या मशीनमधी दिसलं."

गणू हसला. "वैनी, मशीनला सगळं लक्षात राहतं."

"लागून होत नाही ते. त्याच पानावर लिहिलंय. वाचलंस?"

"पान कोण उघडतंय? फोनचं बिल येतं. नाव वाचलं, बस!"

तिने कुंडलिककडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, एका घरात कसलं आलंय गुपित? टाइमपास करायचो आम्ही."

तिला त्या संध्याकाळी आठवल्या. तो हसण्याचा आवाज, बशीतून चहा ओढण्याचा आवाज. उष्टे कप तिने स्वतः विसळले होते.

पाटावरच्या मालनने मान वर केली नाही. "लावा ना कोणीतरी पटकन," एवढंच म्हणाली. काकूने लावली. ढोल पुन्हा वाजू लागले.

मग उरलेली हळद एकमेकांना फासायची धमाल सुरू झाली. कुंडलिक दोन्ही हात माखून आला. चारचौघांत बायकोचा रुसवा काढावा, असा त्याचा विचार असावा. त्याने तिच्या गालाकडे बोटं नेली.

"हात लावू नका."

"बघा, स्वतःच सांगते!" कुणी बाई कुजबुजली. "म्हणजे लागतंच की ते."

 शेवंती कुंडलिकच्या पिवळ्या बोटांकडे पाहत राहिली, ती बोटं खाली जाईपर्यंत.