केळकरसाहेबांचे जंतू

केळकरसाहेब दर रविवारी वर्तकनगरहून टिटवाळ्याला यायचे, हातात काळ्या गुळाची पिशवी. मला वाटलं, गणपतीला नवस असेल. प्रसादच तो, म्हणून वाटेत मी एक मोठा खडा तोंडात टाकला. साहेब म्हणाले, "सखाराम, तू जंतूंचा डबा खाल्लास." मी तिथंच थुंकलो.

आम्ही दोघं एकाच कारखान्यातले. दगडखाणीसाठी सुरुंगाची दारू बनायची तिथं. साहेब केमिस्ट, मी अंगठाबहाद्दर हमाल. दारू धुतलेलं गुलाबी पाणी कुठं टाकायचं ते साहेब सांगायचे, मी मागच्या खड्ड्यात ओतायचो. वर पाड्यातल्या बायकांना विचारायचो, "सरबत घेता का?" कारखाना बंद पडला, आणि मग खालच्या पाड्यातली हिराआजीची विहीर नासलेली निघाली. तपासलं, तर पाण्यात आमचीच दारू. मी म्हटलं, "साहेब, आता कोण विचारतंय?"

"विहीर विचारते रे."

खड्डा आणि विहिरीच्या मध्ये त्यांनी स्वतःच्या फंडातून बोअर मारले. त्यात गुळाचं पाणी ओतायचं. म्हणायचे, "जंतू मातीत आहेतच. गुळावर वाढतात, आणि जेवता जेवता दारूचेही तुकडे पाडतात. घाण आपली, निस्तरतात ते."

"म्हणजे जंतू आपल्यापेक्षा बरे, साहेब."

साहेब हसले नाहीत.

काम झालं की आम्ही हिराआजीच्या ओट्यावर टेकायचो. तिनं कधी पाणी विचारलं नाही. दारात आलेल्याला पाणी नाही, याहून मोठी शिवी आमच्याकडं नाही. मी घरून बाटली न्यायचो, लपून प्यायचो. साहेब तहानलेलेच परत जायचे.

काही वर्षांनी पाणी तपासून आलं. स्वच्छ. आजीनं विहिरीतून तांब्या भरला, साहेबांपुढं धरला.

"पयलं तू पी."

साहेबांनी गटागटा संपवला. मग माझी पाळी. मी म्हटलं, "आजी, मला तहानच नाही." सगळे हसले. जोक मारलेलाच नव्हता मी. साहेबांनी तेवढं ओळखलं आणि मान खाली घातली.

साहेब गेले, तेव्हा आजी वर्तकनगरला आली. हातात विहिरीच्या पाण्याची बाटली. केळकरवहिनी गंगाजल घेऊन बसलेल्या. आजी म्हणाली, "बाय, याचं पानी हे." वहिनी बाजूला सरकल्या. तुळशीच्या पानावरून दोन थेंब साहेबांच्या तोंडात सोडले आजीनं, आणि बाटली माझ्याकडं केली.

"आता तरी लागली का रं तहान?"

उरलेलं मी प्यायलो. गोड होतं.