चुरमुऱ्यांचा चंद्र

सन ऐंशीच्या सुमारास कुडपण गावच्या पाणवठ्यावर घागरीआधी एक बातमी भरायची. शाळेचे गोमाजी गुरुजी म्हणे रोज विधवा गीताबाईच्या दारी जातात आणि पिशवीत लाडू झाकून परततात. "चाळिशीचा बिनलग्नाचा बाप्या लाडू कशाला नेतो गो?" गोदूबाई विचारायची, आणि उत्तरादाखल डोळाही तीच मारायची.

गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण एक दिवस तुळसाचा बाप कोंडाजी पाटील शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. कोंडाजी म्हणजे असा धिप्पाड, की दारात आला तर वर्गात अंधार.

"तुळसा, दप्तर उचल! असल्या मास्तराकडं पोर ठेवायची नाय."

तुळसा सातवीत. कुडपणातून हायस्कुलाला जाईल अशी ही एकच मुलगी, म्हणून गुरुजींचा तिच्यावर सगळा जीव.

टेबलावर पेपरातलं कात्रण होतं. अंतराळयानाने काढलेले गुरू ग्रहाच्या चंद्रांचे फोटो. शेजारी तराजू आणि दोन लाडू. एक नारळाएवढा, चुरमुऱ्यांचा. दुसरा लिंबाएवढा, तिळाचा, घट्ट वळलेला.

"ह्येच ते लाडू?" कोंडाजी गरजला.

"हेच," गुरुजी चाचरत म्हणाले. "पाटील, यातला भरीव कुठला?"

"मोठा. आंधळ्यालाबी कळंल."

"बा, थांब की," तुळसाला राहवेना. तिने मोठ्या लाडवाचा लहान लाडवाएवढा तुकडा मोडला, दोन्ही सारखेच दिसतात ना ते पाहिलं, आणि तराजूत टाकले. तिळाचं पारडं धाडकन खाली!

"ह्यो मोठा म्हंजी गुरूचा गॅनिमिड चंद्र, निम्मा बर्फाचा. ह्यो बारका आयो, सगळा खडक. आकारानं थोर असला म्हंजी आतून भरीव असतोच असं नाय, बा."

अख्खा वर्ग कोंडाजीच्या पोटाकडे बघू लागला. गुरुजींनी डोळेच मिटले.

कोंडाजीने आधी मिशी ताठ केली. मग गुरुजींच्या खुर्चीत बसून ती करकरेपर्यंत हसला. "माज्यासारका म्हन की गो!" उरलेला गॅनिमिड त्याने दोन घासांत संपवला. "शिकवा पोरीला, गुरजी. ती हुशार हाय. आणि चंद्र बी ग्वाड हाय."

तुळसा पुढे पोलादपूरच्या हायस्कुलात गेली. गोदूबाई मात्र गुरुजींच्या लग्नाच्या अक्षतांची वाट बघत राहिली.

गुरुजी गीताबाईकडे लाडूच आणायला जात. रोज जावं लागे, कारण धडा संपला की पोरं चंद्र खाऊन टाकत. दुसरं काही नव्हतं.