सायकलीचं पोट

पंक्चर असो, ब्रेक असो, नाहीतर नुसती हवा भरायची असो, आबा आधी सायकल उलटी करायचे. सीट आणि हँडल जमिनीला, चाकं आभाळाकडे. मग पायडलच्या आसाखाली निरखून बघायचे आणि म्हणायचे, "मानसाचं त्वांड बघावं, सायकलीचं पोट."

घोरावाडी स्टेशनबाहेर त्यांचं पत्र्याचं दुकान. त्यामागे सायकल लावून मी रोज लोणावळ्याच्या शाळेत शिकवायला जायचो. असा एखादा म्हातारा तुमच्याही स्टेशनाबाहेर असेलच: काम कमी, चौकशा फार. "मास्तर, डबा सगळा खाल्ला का?" असं संध्याकाळी मला विचारणारं जगात एवढं एकच माणूस होतं.

हाताखालून गेलेल्या प्रत्येक सायकलीच्या पोटावर आबा हातोडीने तीन टिंबं ठोकत. "ही आमची वळख. कुटंबी गेली तरी घरी येनार." आम्ही हसायचो. पण त्या दुकानामागून कधी कुणाची सायकल गेली नव्हती, हेही खरं.

मग सुनंदाची गेली.

सुनंदा कारखान्यात पहिल्या पाळीला. गावाहून स्टेशन लांब, त्या वेळेला एसटी नाही. सायकल नाही म्हणजे गाडी चुकली, आणि गाडी चुकली म्हणजे कंत्राटदार दारातूनच परत पाठवणार. ती रडली नाही. "आबा, तुमच्या भरवशावर लावलेली," एवढंच म्हणाली. आबांचं तोंड उतरलं ते उतरलंच.

चार दिवसांनी तीच सायकल मला मोबाइलवर दिसली. जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर, डब्यासाठी वाकवलेल्या कॅरियरसकट. मी फोटो आबांना दाखवला.

"व्हय, हीच की! इकनारा कोन?"

नाव नव्हतंच, नुसते आकडे. मी 'तक्रार करा' दाबलं. 'तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे' असं उत्तर आलं आणि ते मोल तिथेच संपलं. चौकीत साहेब म्हणाले, पावती आणा. सेकंडहँड सायकलीची पावती कोण जपून ठेवतं हो?

आबांना हे पटेचना. "मास्तर, बाजारात बैल इकायचा तरी दाखला लागतो, वळखीचा मानूस लागतो. ह्या बाजाराला कुनी धनी न्हाई का?"

"आहे आबा. पण तो म्हणतो, मी फक्त जागा देतो."

"जागा तर मीबी दिलती," आबा म्हणाले. "मग मलाच का झोप लागंना?"

मी मोबाइल खिशात टाकू लागलो.

आबांनी थांबवलं. म्हणाले, "त्याला लिवा. त्यालाबी कुनी फसवून दिली आसंल. म्हनावं, पोटाला तीन टिंबं हाईत, बघ. भला आसंल तर दील परत." आबांना चोरसुद्धा आधी भला वाटायचा. आणि मी शिकलेला गाढव, तसंच्या तसं लिहिलं. वर शुद्धलेखन तपासून पाठवलं.

दुसऱ्या दिवशी जाहिरातीवर पट्टी होती: 'विकली गेली'.

आबांनी स्वतःची सायकल सुनंदाला दिली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी गावाहून चालत येऊ लागले. टिंबं ठोकणं त्यांनी बंद केलं. "काई कळलं का, मास्तर?" हे मात्र रोज विचारायचे. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. दुकानाच्या पत्र्याला आता कुलूप आहे.

परवा लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंच्या सायकलीची चेन पडली होती. मी सवयीने सायकल उलटी केली. पायडलच्या आसाखाली कुणीतरी कानस मारून वर काळा रंग फासला होता. कॅरियर नवं होतं. मी बोट फिरवलं. एक टिंब घासायचं राहून गेलं होतं.

"ऑनलाइन घेतली, काका," त्या कौतुकाने म्हणाल्या. "हिच्यामुळे कामावर वेळेत पोचते बघा. चांगली आहे ना?"

मी चेन बसवली, सायकल सरळ केली.

"चांगली आहे," म्हणालो. त्या टांग मारून निघूनही गेल्या.

आबा, कळलं हो. सायकल सापडली, आणि मी ती जाऊ दिली.