कोणत्या सरकारच्या वतीने?

फॉर्म टाइप करून तयार होता. फक्त 'कोणत्या सरकारच्या वतीने' हा एक रकाना कोरा होता, आणि तो भरायला आमचे कॉन्सुलसाहेब तयार नव्हते.

मी बावीस वर्षं मुंबईतल्या एका छोट्या परदेशी कॉन्सुलेटमध्ये लोकल स्टाफ होते. म्हणजे पासपोर्ट भारताचा, घर मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये, आणि टायपिंग भलत्याच देशाचं. त्या देशाचं नाव सांगणार नाही, तशी सही देऊन आलेय. एवढंच सांगते, की तो देश माझ्या धाकटीपेक्षा वयाने लहान आहे. त्याला 'आमचा' म्हणायची सवय अजून सुटत नाही.

त्याच्या शेजारी एक मोठा देश. स्वातंत्र्याच्या लढाईत आमच्या लोकांना त्यानेच आसरा दिला, बंदुका दिल्या आणि सगळ्यांच्या आधी मान्यता दिली. मान्यता म्हणजे 'हे सरकार खरं' असं दुसऱ्या सरकारने कबूल करणं. या दोस्ताचं मुंबईत ऑफिस नव्हतं. त्यांच्या माणसाचा पासपोर्ट हरवला किंवा संपला, तर घरी पोचण्यापुरता एका प्रवासाचा कागद आम्ही द्यायचो. त्यांचा शिक्काही आमच्याच कपाटात.

मग तिकडे क्रांती झाली. राष्ट्राध्यक्ष पळाला आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी नवं सरकार बनवलं. कपाटातला शिक्का पळालेल्याचा. तो मारला तर नवे चिडणार. नव्यांचं नाव लिहिलं तर ती मान्यताच झाली. आमच्या राजधानीतून हुकूम आला, मान्यता वाटेल असं काहीही करू नका, पुढच्या सूचनेची वाट बघा.

नेमका तेव्हाच योसेफ हॉस्पिटलमध्ये पडला. तो त्या दोस्तदेशाचा, आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचा, इथून तयार कपडे तिकडे पाठवायचा. लिव्हर संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात निघालात तर विमानात बसवू, पुढे सांगता येत नाही. त्याला आईला भेटून मरायचं होतं. पासपोर्ट संपलेला. त्याची बायको मरियम रोज माझ्या दारात.

"दीदी, एक काग़ज़ ही तो है."

मी साहेबांना म्हटलं, "साहेब, माणूस मरतोय हो."

"मला कळतंय," साहेब म्हणाले. "लढाईच्या काळात मी त्या पळालेल्या राष्ट्राध्यक्षाच्या छावणीत वाढलोय. त्याचं अन्न खाल्लंय. आणि ही त्याच्यावर उठलेली पोरं माझ्या बापाने स्वातंत्र्यासाठी दिलेल्याच घोषणा देतायत. कोणाचं नाव लिहू, सांगा?"

मी गप्प बसले. खरं सांगायचं तर दुसरा रस्ता होता आणि मला तो माहीत होता. कॉन्सुल स्वतःच्या देशाच्या नावाने कोणत्याही अडकलेल्या माणसाला ओळखपत्र देऊ शकतो. आधीच्या साहेबांनी एका खलाशाला दिलं होतं, मीच टाइप केलं होतं. त्या कागदावर योसेफ आमच्या देशात उतरला असता. आईचं गाव सीमेपलीकडे तासाभरावर, आणि सीमा उघडी होती.

पण महिन्यापूर्वी एका मीटिंगमध्ये मी मध्ये बोलले, तर हेच साहेब चारचौघांत म्हणाले होते, "मॅडम, पॉलिसी आम्ही बघतो, तुम्ही टायपिंग बघा." ते माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हटलं, बरं बाबा, बघा मग पॉलिसी. मला वाटलं, दोन दिवसांत झक मारत विचारायला येतील. ते आले नाहीत. त्यांना ठाऊकच नव्हतं, की मला काही ठाऊक आहे.

नवव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. योसेफचे डोळे हळदीसारखे पिवळे. त्याने मला ओळखलं नाही. तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "फॉर्म टाइप करा. मी सही करतो."

राजधानीची परवानगी अर्ध्या तासात आली. त्या ओळखपत्रात दोस्तदेशाचं नावच नव्हतं, मग अडवणार कोण? दुपारी मी ओळखपत्र घेऊन पोचले, पण डॉक्टरांनी मान हलवली. या अवस्थेत कुठलीही एअरलाइन घेणार नाही म्हणाले. चौथ्या दिवशी योसेफ गेला.

पेटी पाठवायला काही अडचण आली नाही. मेलेल्या माणसाला पासपोर्ट लागत नाही, आमच्या देशाचं एक ना-हरकत पत्र पुरतं. ते मीच टाइप केलं.

मरियम ते न्यायला आली. तिच्या दुसऱ्या हातात ते न वापरलेलं ओळखपत्र होतं. त्याच्याकडे बघत तिने विचारलं, "दीदी, ये नौ दिन पहले नहीं बन सकता था?"

"नहीं," मी म्हटलं. "नहीं बन सकता था."

पुढे दोन महिन्यांनी आमच्या देशाने नव्या सरकारला मान्यता दिली. आधी का नाही सांगितलंत, असं साहेबांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. सरकारांना थांबायला कारणं असतात, ती मी अख्खी नोकरीभर टाइप केली. माझ्याकडे नुसता राग होता.