मालिकेतला पहिला संशयित

रविवारी दुपारी करी रोडच्या घरी भाच्याने सामुराईंच्या काळातल्या खूनतपासाची जपानी अॅनिमे लावली होती. नेटवरचे प्रेक्षक सामुराईंच्या इमानाचे गोडवे गात होते. मला तर ते तलवार उपसण्याआधी बराच वेळ नुसते बाणेदार उभे राहताना दिसत होते.

सरदाराचा खून झाला. मढं उचलायला वेशीबाहेर राहणारा एक माणूस आला. आई म्हणाली, "आता त्या मढी उचलणाऱ्याला धरतील."

"आजी, तो साइड कॅरेक्टर आहे गं," भाचा हसला.

पुढच्याच प्रसंगात त्यालाच दोरीने बांधलं. गावातली मेलेली ढोरं ओढणाऱ्या आईच्या वडिलांनाही चोरीचा आळ घालून असंच नेलं होतं. मी घाईने रिमोट उचलला.

"बंद नको करू," आई पडद्याकडे बघतच म्हणाली. "सुटतो का बघू दे."